आफ्टरशोला येणाऱ्यांना नक्की हवं काय असतं?

चार_तारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, वय २३, अरेतुरे चालेल. आमचा पाच जणांचा बँड आहे, मी बेस वाजवतो.

गेल्या महिन्यात मामाच्या कपाटात प्रिन्सचा (अमेरिकन गायक-गिटारवादक) २००२ सालचा लाइव्ह संच सापडला, 'वन नाइट अलोन'. तीन सीड्या. पहिल्या दोन मोठ्या कार्यक्रमाच्या. तिसरीवर लिहिलंय 'द आफ्टरशो'. मामाने सांगितलं की मोठ्या हॉलमधला कार्यक्रम आटोपला की हा माणूस कितीतरी वेळा त्याच रात्री एखाद्या लहान क्लबात जाऊन पुन्हा उभा राहायचा आणि पहाटेपर्यंत वाजवायचा.

तिसरी सीडी लावली आणि गोंधळलो. त्याची गाजलेली 'पर्पल रेन' नाही, 'किस' नाही. सुरुवातच 'जॉय इन रिपिटिशन'ने, दहा मिनिटांच्या वर. मध्येच फंकवाला जॉर्ज क्लिंटन येऊन जातो. 'पीच' तर संपतच नाही. आता आठव्यांदा ऐकतोय आणि मुख्य कार्यक्रमाच्या सीड्या डब्यातच आहेत, पण हे का आवडतंय ते सांगता येत नाहीये.

विचारायचं कारण असं की, आम्ही डिसेंबरात एका कॉलेजच्या फेस्टला वाजवतोय. त्याच रात्री मित्राच्या गोडाऊनमध्ये ३०-४० ओळखीच्यांसाठी दुसरा कार्यक्रम करायचं डोक्यात आहे. ड्रमर म्हणतो, जी गाणी गाजतात तीच परत वाजवू. मी म्हणतो, मग दुसऱ्यांदा कशाला? यावरून तीन दिवस अबोला आहे. ज्यांनी असं काही प्रत्यक्ष पाहिलंय त्यांनी सांगा, एवढ्या रात्री थांबणाऱ्या माणसाला हवं काय असतं?

---

निवांत_नगरकर

झोप.

---

ईस्टहॅमकर

ड्रमरला आधी एवढंच सांग की आफ्टरशोला आलेल्या माणसाची हिट गाणी तीन तासांपूर्वीच ऐकून झालेली असतात. आता माझी गोष्ट. लांबेल.

२००७ साली मी लंडनला ऑनसाइट होतो. ईस्ट हॅमला चौघांत एक घर आणि एक कुकर. त्या उन्हाळ्यात प्रिन्सने ओटू अरीनात (तिथल्या घुमटाखालच्या मोठ्या हॉलात) २१ रात्री लावल्या होत्या, १ ऑगस्ट ते २१ सप्टेंबर. तिकीट ३१ पौंड २१ पेन्स, कारण आदल्या अल्बमचं नाव '३१२१'. पौंड तेव्हा ऐंशीच्या वर होता, म्हणजे अडीच हजार रुपये. हा गुणाकार केल्याशिवाय माझ्या खिशातून पाकीट निघत नसे. नवा अल्बम त्याने जुलैत एका रविवारच्या पेपरसोबत फुकट वाटला होता, तो गुणाकार सोपा होता.

पहिल्या वेळी मुख्य कार्यक्रमाला गेलो. वीस हजार माणूस. मी एवढ्या वर बसलेलो की प्रिन्स करंगळीएवढा दिसत होता. मजा आली, खोटं का बोलू. पण मी डोंबिवलीत वाढलेला, शेवटची गाडी चुकवायची नाही हे आईच्या दुधातून आलेलं. लोक अजून टाळ्या वाजवत होते तेव्हा मी ज्युबिली लाइनच्या ट्यूबचा, म्हणजे भुयारी गाडीचा, जिना उतरत होतो. सोमवारी ऑफिसात एकाने विचारलं, "मग, इंडिगोला किती वाजले?" तेव्हा कळलं की त्याच घुमटाखाली दुसरा एक हॉल आहे, दोन हजारांच्या आसपास माणसं मावणारा, आणि रात्रीचा दुसरा डाव तिथे मांडतात. तिकीट वेगळं. साहेब स्वतः वाजवतीलच अशी हमी कुणी देत नाही.

पुढच्या वेळी थेट आफ्टरशोचं तिकीट काढलं.

साडेबारापासून उभे. एक वाजला, सव्वा वाजला. डीजे काहीतरी लावत होता, तिकडे कुणाचं लक्ष नाही. स्टेजवर एक काळा टीशर्टवाला येऊन ड्रमच्या खुंट्या पिळून जायचा आणि तेवढ्यावर अख्खा हॉल पुढे सरकायचा. माझ्या डाव्या हाताला बर्मिंगहॅमचा एक पोस्टमन होता. पन्नाशीचा, ११ रात्रींची तिकिटं काढलेली, वर्षाची रजा त्यातच संपवलेली. हातात शाळकरी वही आणि बोटभर पेन्सिल. पेन का नाही म्हणून विचारलं तर म्हणाला, अंधारात पेन उठतंय की नाही कळत नाही. पेन्सिलीचं बोटाला कळतं, कागदावर खरखरते.

मग बँड आला. सॅक्सोफोनवर मेसिओ पार्कर, म्हणजे फंकचा बाप जेम्स ब्राउन, त्याच्याकडे उमेदवारी केलेला माणूस. ब्राउन चुकणाऱ्या वादकाला पैशांत दंड करायचा, तेही वाजवता वाजवता, बोटं उघडून-मिटून. अशा शाळेतला विद्यार्थी. प्रिन्स मागून कधी आला ते मला दिसलंच नाही. ना धूर, ना घोषणा. बघतो तर कीबोर्डपाशी उभा, बऱ्याच वेळ आमच्याकडे पाठ करून.

आणि इथे तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून जरा रेंगाळतो. एक साधी चाल धरली होती. बेसच्या चार-पाच सुरांची, तू दहा मिनिटांत बसवशील अशी. ती फिरतेय, फिरतेय. त्याने हात वर केला, दोन बोटं. ब्रास (सॅक्सोफोन, ट्रम्पेटवाले) दोनदा कडाडला. चार बोटं, चारदा. मूठ, आणि सगळं बंद, नुसता हाय-हॅट (ड्रमरची पायाने चालणारी झांज) टिकटिकतोय. परत बोट. असं चाललेलं असताना एकदा ब्रासमधून एक ठोका जादा पडला. हॉलमधल्या निम्म्यांना कळलाही नसेल. प्रिन्सने मान वळवली, हसला, आणि पुढच्या फेरीला तोच चुकीचा ठोका सगळ्या बँडकडून वाजवून घेतला. त्याच्या पुढच्या फेरीलाही. तिसऱ्या वेळी लोक त्या ठोक्यावर उडी मारत होते, जणू गाणं जन्मापासून तसंच होतं.

मी पोस्टमनच्या वहीत डोकावलो. गाण्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह, पुढे '१८ मि.', त्याखाली 'जादा ठोका' आणि दोन रेघा.

मध्ये एक गाजलेलं गाणं आलं तेव्हा हॉल किंचाळला. या माणसाने पेन्सिल कानावर ठेवली आणि पाणी प्यायला. लेड झेपेलिन या रॉक बँडचं 'होल लॉटा लव्ह' त्या उन्हाळ्यात इंडिगोत वाजलं, ते पुढच्या वर्षी पुस्तकासोबत आलेल्या 'इंडिगो नाइट्स' सीडीवर आहे. तसलं काही सुरू झालं की मात्र मान खाली आणि खरखर सुरू.

म्हणजे बघ, त्याला दुर्मिळ गाणं हवं होतं, हो. दुसऱ्यांची गाणी हवी होती. पण सगळ्यात जास्त त्याला ठरताना बघायचं होतं. मोठ्या कार्यक्रमात सगळं ठरलेलं असतं, दिवे कधी लागणार ते संगणकाला माहीत असतं. आफ्टरशोत पुढच्या चार मात्रांचं त्या एका माणसाच्या डोक्यात असतं आणि ते आपल्या डोळ्यांदेखत बाहेर येतं. तुला सीडी आवडतेय पण सांगता येत नाहीये ना, ते हेच असावं. ऐकताना बँड त्याच्याकडे बघतोय हे ऐकू येतं.

बाकी हाल विचारू नकोस. फोन बाहेर काढायची सोय नाही. पाय गेले. बाहेर आलो तेव्हा शेवटची ट्यूब जाऊन युग लोटलं होतं (रात्रीची ट्यूब लंडनमध्ये २०१६ ला आली, तोवर माझे गुडघे रिटायर झाले). १०८ नंबरची बस पकडून थेम्सखालच्या बोगद्यातून स्ट्रॅटफर्ड, तिथून दुसरी. घरात शिरलो तर रूममेट दात घासत होता. म्हणाला, "एवढ्या लवकर कुठे निघालास?"

जाता जाता एक सल सांगतो. २१ सप्टेंबरच्या शेवटच्या रात्री आफ्टरशोला गायिका एमी वाइनहाउस आली आणि त्याच्यासोबत गायली. शुक्रवार होता. शुक्रवारी रात्री आमचं रिलीज असायचं. मी कॉन्फरन्स कॉलवर 'एव्हरीवन, प्लीज म्यूट' म्हणत होतो.

---

हेगची_मीरा

ईस्टहॅमकर, वहीतली पेन्सिल फार आवडली.

मी डेन हागला, म्हणजे नेदरलँड्समधल्या हेगला, गेली १२ वर्षं आहे. आफ्टरशोच्या गोष्टीत आमच्या गावाचं नाव आल्याशिवाय राहत नाही म्हणून लिहिते. ऑगस्ट १९८८. प्रिन्सची 'लव्हसेक्सी' टूर, रॉटरडॅमच्या फाइनोर्ट स्टेडियममध्ये १७, १८, १९ अशा तीन रात्री. मधोमध गोल स्टेज, त्यावर खरी मोटार फिरायची, बास्केटबॉलची जाळी सुद्धा होती. आणि १८ च्या रात्री ते सगळं तिथेच सोडून हा माणूस पंचवीसेक किलोमीटरवर आमच्याकडे आला, 'पार्ड' नावाच्या क्लबात, आणि दोन वाजून गेल्यावर वाजवायला लागला. ड्रम्सवर शीला ई. त्या रात्रीचं चोरटं ध्वनिमुद्रण 'स्मॉल क्लब' नावाने जगभर फिरलं. त्यातला 'जस्ट माय इमॅजिनेशन'मधला गिटारचा तुकडा लोक अजून एकमेकांना पाठवतात. गाणं त्याचं नव्हेच, टेम्प्टेशन्स नावाच्या गायकगटाचं, १९७१ चं.

गंमत म्हणजे क्लबचा पत्ता प्रिन्सेग्राख्ट १२. म्हणजे शब्दशः राजपुत्राचा कालवा. नाव काही शतकं जुनं, त्याच्यासाठी ठेवलेलं नाही.

माझ्या ऑफिसातली एक बाई त्या रात्री आत होती. तेव्हा १९ वर्षांची. तिला नीट दिसलंच नाही, ती कोट टांगायच्या जागेपाशी अडकलेली. लोकांच्या डोक्यांवरून फक्त गिटारचं टोक दिसायचं, खुंट्यांचं. ते वर गेलं की आता काहीतरी येणार, एवढं तिने ओळखून ठेवलं होतं. तो प्रसिद्ध सोलो तिने असा ऐकलाय, सहा खुंट्या बघत. मी विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाली, स्टेडियममध्ये मला अख्खा माणूस दिसला होता, पण तो कुठे बघतोय ते कळत नव्हतं.

अवांतर: नंतर इमारत पार बदलली, आतून तरी. मी जाऊन कोटांची जागा शोधली. सापडली नाही.

---

सडेतोड_सोलापूर

सगळे भारावलेले आहेत म्हणून जरा थंड पाणी.

दोन वर्षांपूर्वी एका परदेशी कलाकाराच्या (नाव नको) कार्यक्रमाला बंगळूरला गेलो होतो. तिकिटासोबत 'आफ्टरशो'चं वेगळं कूपन, तीन हजारांचं. पोचलो तर लॅपटॉप घेऊन एक पोरगा गाणी लावतोय, कलाकाराने वरच्या सोफ्यावरून एकदा हात हलवला आणि गेला. त्या तीन हजारांत दोन बियर मिळाल्या. म्हणून सांगतो, आफ्टरशो आणि आफ्टरपार्टी या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि विकणारे त्या मुद्दाम एकाच पुडक्यात बांधतात.

दुसरं म्हणजे ते पोस्टमनकाका मला जरा आगाऊ वाटले. हिट गाणं आलं की पाणी पिणार! माझ्यासारखा माणूस वर्षातून एकदा जातो, त्याला ओळखीचं गाणं ऐकावंसं वाटणं हा गुन्हा नाही. निस्सीम चाहते या नावाखाली बाकीच्यांना कमी लेखायचं, हे प्रत्येक छंदात आहे. ट्रेकिंगवाल्यांत तर विचारूच नका.

---

तीनतालवाला

मी तबला शिकवतो, फंक (प्रिन्स-ब्राउन मंडळींचं हे ठेक्यावर चालणारं संगीत) फारसं ऐकलेलं नव्हतं, या धाग्यामुळे दोन दिवस तेच चालू आहे.

जेम्स ब्राउन आपल्या वादकांना 'द वन'वर या म्हणायचा, म्हणजे पहिली मात्रा. बूट्सी कॉलिन्स बेसवर ते त्याच्याकडे शिकला आणि पुढे जॉर्ज क्लिंटनच्या टोळीत घेऊन गेला. हे वाचल्यावर मला अर्थातच सम आठवली. माझ्या एका विद्यार्थ्याने लगेच स्टेटस टाकलं की फंक म्हणजे अमेरिकेची मैफल. त्याला मी बसवून समजावलं, तेच इथे लिहितो.

विलंबित एकतालात सम यायला मिनिटभर लागू शकतो. ऐकणारा ताटकळतो, आणि आली की मान हलते. फंकमध्ये सम दर चार मात्रांनी दारात उभी. ताटकळायला वेळच नाही. मग उत्सुकता कशाची? तर समेच्या आजूबाजूला काय रिकामं सोडलंय त्याची. ईस्टहॅमकरांनी लिहिलंय ना, मूठ वळली आणि नुसता हाय-हॅट उरला, तेव्हा सम वाजत नाही पण प्रत्येकाच्या पायात असते. ब्रास परत पडतो तो नेमका तिच्यावर. म्हणून तिथे 'क्या बात है' म्हणून चालत नाही, उडीच मारावी लागते.

वेळेबद्दल म्हणाल तर, पुण्यात सवाई पूर्वी रात्रभर चालायचं. आवाजाचे नियम आले आणि रात्री दहाचं कुंपण पडलं. माझे वडील सांगायचे, दोन-अडीचला हॉटेलातला चहावाला सुद्धा सूर ओळखायला लागायचा. एवढं एक साम्य मी मान्य करतो: त्या वेळेला जो उरतो, तो घड्याळ बघायला आलेला नसतो.

---

ईस्टहॅमकर

@सडेतोड_सोलापूर, लॅपटॉपवाल्याबद्दल पूर्ण सहानुभूती. तीन हजारांत दोन बियर म्हणजे गुणाकारसुद्धा नको.

पोस्टमनबद्दल मात्र थोडा अन्याय होतोय. तो कुणाला नावं ठेवत नव्हता. मला कुठलं गाणं ते ओळखता आलं नाही की न विचारता वही पुढे करायचा. आणि हिट गाण्याला पाणी प्यायचं कारण त्याने सांगितलं होतं: "ही आता मला पाठ झाली, एवढ्यातच जाऊन येतो." बाथरूमला, अजून काय. अकरा रात्री उभं राहणाऱ्याला तेही नियोजन लागतं.

@चार_तारा, तुझ्या सीडीबद्दल राहिलंच. २००२ च्या त्या टूरला प्रिन्सच्या वेबसाइटवरच्या क्लबचे सभासद असायचे, वर्षाला १०० डॉलर भरणारे. त्यांना पुढच्या खुर्च्या, आणि कार्यक्रमाआधी साउंडचेकला आत सोडायचे. विचार कर, लोक पैसे देऊन माइक तपासताना बघायला यायचे. हे तुझ्या ड्रमरला नक्की वाचून दाखव.

गोडाऊनसाठी माझं मत विचारशील तर गाण्यांची यादी भिंतीवर लावू नका. तीनच चाली बसवा, पण इतक्या की झोपेत वाजतील. एकाने हात वर करायचा, बाकीच्यांनी त्याच्याकडे बघायचं. तो एक तू नको होऊस, बेसवाल्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. ड्रमरचेही. गाणारा कोण आहे? त्याला बोटं शिकवा. सुरुवातीला पाचदा फसेल, ते लोकांसमोर फसू दे. आणि सगळे उभे राहतील एवढीच जागा ठेवा. खुर्च्या आल्या की लोक परीक्षक होतात.

---

तीनतालवाला

एक व्यावहारिक भर. गोडाऊन पत्र्याचं असेल तर ते बंद दाराआडचं आहे अशा भ्रमात राहू नका. पत्रा सगळं बाहेर सांगतो. आमच्या क्लासची एक तुकडी अशीच एका शेडमध्ये भरायची, समोरच्या आजोबांना तबल्याचे कायदे आमच्याआधी पाठ झाले होते. किक ड्रममध्ये उशी घाला.

---

चार_तारा

सगळ्यांचे मनापासून आभार. मीराताई, तुमच्या ऑफिसातल्या बाईंची गोष्ट वाचून बँडमधली गाणारी म्हणाली, आपल्याकडे कोट टांगायची जागा नाही, चपलांची आहे.

हो, गाणारी आहे. बोटांची तालीम रविवारी झाली. पहिल्या अर्ध्या तासात तिने चार बोटं दाखवली आणि आम्ही बाकीच्या चौघांनी मिळून सात ठोके वाजवले. पण मग ड्रमरने स्वतःहून 'जादा ठोका' प्रकार सुरू केला. मुद्दाम चुकतो आणि आम्हाला पकडायला लावतो. त्याने धागा पूर्ण वाचलाय, मान्य करत नाही. अबोला संपला. आता तो म्हणतो गाजलेली गाणी वाजवायचीच नाहीत, एकही नाही, आणि मी म्हणतोय एखादं असू दे रे.

वेळेचा घोळ आहे. अकरानंतर ड्रमरची आई आतून कडी लावते. त्यामुळे आमचा मध्यरात्रीचा आफ्टरशो रात्री सव्वाआठला सुरू होईल. फेस्टवाल्यांनी आम्हाला संध्याकाळी पाचचा स्लॉट दिलाय, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या 'आफ्टर' आहेच. ईस्टहॅमकर, डिसेंबरात नाशिकला येणार असाल तर सांगा. वही घेऊन या. पेन्सिल आम्ही देऊ.